कानातलं मशीन आणि शोफार

शोफार वाजायच्या आधी बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, ते शरयूला सिनेगॉगातल्या बायकांच्या बाजूनं स्पष्ट दिसलं. नव्याच्या सणाला, ज्यूंच्या नववर्षाला, मेंढ्याच्या शिंगाचा हा आवाज आपल्या कानांनी ऐकायचा असतो. सगळे उभे राहून ऐकत होते. बाबा नुसते इतरांच्या तोंडांकडे बघत होते.

प्रार्थना संपून सिनेगॉग रिकामं झालं, तशी तिनं त्यांना गाठलं आणि मशीन पुन्हा कानात बसवलं.

"बाबा, असं का केलंत?"

"परवा वाचलं. मशीनमधून येतो तो शिंगाचा आवाजच नव्हे, विजेचा. तो ऐकून ऐकल्यासारखं होत नाही."

दोन हजार पाचच्या जूनमध्ये ते अलिबागहून तिच्याकडे परदेशात, श्रूजबरीला आले होते. मशीन तिनंच हौसेनं घेऊन दिलं होतं. तिला रडूच आलं. ती त्यांना घेऊन तडक तिथल्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेली.

रब्बी खुर्ची ओढून बाबांसमोर बसले. ते इंग्रजीत बोलत, शरयू मराठीत सांगत होती.

"यावर दोन थोर रब्बींचं एकमत झालं नाही. एक म्हणाले, हा मशीनचा आवाज, चालणार नाही. दुसरे म्हणाले, शिंग वाजलं म्हणूनच ऐकू आलं ना? मग चालेल."

"मग खरा कोण?" बाबांनी विचारलं.

"दोघंही. तालमुदात, आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, मागे पडलेलं मतसुद्धा पुसत नाहीत. पुढे कधी कुणाची नड त्यावरच भागते."

"म्हणजे निकाल टांगलेलाच?"

रब्बी हसले. "नाही. जमेल तिथे दोघांचाही मान राखायचा. काढा मशीन."

त्यांनी बाबांच्या कानाशी शोफार नेऊन जीव ओतून फुंकला. ऐकू आलं का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. हो म्हणा ना, शरयू मनात म्हणाली. कुणाला कळणार आहे?

"नाही," बाबा म्हणाले. "गालाला वारं लागलं नुसतं."

रब्बींनी स्वतःच्या हातानं मशीन त्यांच्या कानात बसवलं. "मग तुमच्यासाठी दुसऱ्यांचं मत. आणि एक सांगतो. नाही म्हणणाऱ्या त्या पहिल्या रब्बींनी आपल्या उत्तराच्या शेवटी लिहून ठेवलंय, 'हे सांगताना मला फार दुःख होतंय.'"

शोफार पुन्हा वाजला. एक लांब, मग तुटक तुटक, मग पुन्हा लांब. बाबांनी डोळे मिटून घेतले. आवाज थांबला तरी ते मिटलेलेच होते.

"त्या पहिल्या रब्बींचं नाव विचार गं," ते शरयूला म्हणाले. "आज त्यांच्यासाठी दुवा मागायचीय. हो म्हणणाऱ्याला काय, सगळेच देतात."