घडीचा सदरा

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आबा हसत होते. तीस वर्षांपूर्वीचे आबा, घडीचा सदरा घातलेले. मागे त्यांची जुनी रबराची बाग, आणि तिच्यात दाटीवाटीनं फणस, सुपारी, केळी, खोडांवर चढलेले मिरीचे वेल. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘आदर्श मिश्र बाग’.

पहाटेपासून लेकीनं दोनशे झाडांना चीर दिली होती. हातांवर चीक वाळून बसला होता. तोच हात तिनं पुस्तिकेवर आपटला.

“हा फोटो कुठून आणलात?”

“आमच्या जुन्या दप्तरातून,” शेती खात्याचा तरुण साहेब म्हणाला. “ताई, नुसत्या रबराचे दिवस गेले आता. सगळी एकाच जातीची झाडं, एकाला रोग लागला की सगळी बाग गेली. तुमचंच बघा ना, ऐन हंगामात पानगळ! मधल्या पट्ट्यांत फणस लावा, सुपारी लावा, मिरी चढवा. रोपं आम्ही देतो. जमीन वडिलांच्या नावावर आहे, तेवढी त्यांची सही लागेल.”

लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला. रोपं हवी होती, तेच तर दुखणं होतं. यंदा झाडांना बांधलेल्या निम्म्या वाट्यांत चीक उतरत नव्हता. रोपं मिळाली नाहीत तर बाग संपल्यात जमा होती.

ती बारा वर्षांची असताना याच खात्याचा दुसरा एक साहेब आला होता. बाग बघून म्हणाला, “फोटो काढू या.” आबांना वाटलं, आपलं कौतुक होणार. लगबगीनं आत गेले, ट्रंकेतला घडीचा सदरा चढवला, केसांना पाणी लावलं. “बघ, मी म्हणत नव्हतो?” असं आईला ऐकवूनही आले. पंधरा दिवसांनी चीक गोळा करायच्या केंद्रावर भलंमोठं पोस्टर लागलं. तोच फोटो. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली. खाली लिहिलेलं, ‘अशी बाग ठेवू नका’.

लोक काय, टपलेलेच असतात. आबांचं नाव पडलं फुलीशेठ. पोरं रस्त्यात हवेत बोटानं फुली मारून पळायची. महिनाभर आबांनी सोसलं, मग एके सकाळी कुऱ्हाड उचलली. आजोबांच्या हातचा फणससुद्धा ठेवला नाही. सरळ रांगांत नुसतं रबर लावलं, खाली गवताची काडी वाढू दिली नाही. तेव्हापासून जुन्या बागेबद्दल त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आणि खात्याला काय, कागद बदलला की झालं!

“फुली कुठे गेली?” लेक ओरडली.

“कसली फुली?” साहेब खरंच गोंधळला. “उलट आम्ही ही बाग शोधतोय, ताई. सापडली तर लोकांना दाखवायला नेता येईल. तुम्हाला माहीत आहे का, कुणाची आहे?”

तिनं पुस्तिका फाडायला धरली. तेवढ्यात पडवीतल्या खुर्चीतून हात पुढे आला. “आण इकडे.”

आबांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, मग लांब धरला. फणसाच्या बुंध्यावरून बोट फिरवलं. उठून आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं.

थोड्या वेळानं आबा बाहेर आले, ते घडीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून.

“आबा, पुन्हा भुललात? एकदा शोभा झाली ती पुरली नाही का?”

आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगण ओलांडून ते सरळ बागेत शिरले. दोन्ही बाजूंना पानं झडलेल्या रबराच्या रांगा, खाली उघडी जमीन. मधोमध थांबून त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ओठ थरथरत होते. रागानं.

“काढा फोटो,” आबा साहेबाला म्हणाले. “वर लाल फुली मारा, या खेपेला माझ्या डोळ्यांदेखत, आणि लावा केंद्राच्या त्याच भिंतीवर. मग करतो सही.”