अजून एक चिमूट

तापातून उठल्यापासून माझ्या मैत्रिणीच्या तोंडाची चव गेली होती. "कुणाला सांगू नकोस हं," ती वर्गाच्या पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी लागली. शिलाईचा कारखाना बंद पडल्यावर दोघींनी मिळून स्वयंपाकाच्या वर्गात नाव घातलं होतं. शेवटच्या दिवशी जिचं सूप शिकवणाऱ्या बाईंना पसंत पडेल, तिला त्यांच्या हॉटेलात नोकरी. जागा एकच.

सात आठवडे मी तिची जीभ झाले. बाईंची पाठ वळली की ती चमचा माझ्यापुढे करायची, मी मान हलवली की गॅस बंद करायची. हात तिचाच चांगला होता. बाईंनाही ते ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशीही तिनं चमचा पुढे केला. सूप झकास जमलं होतं.

"अळणी आहे गं," मी म्हणाले.

तिनं चिमूटभर मीठ घातलं.

"अजून."

तिनं अजून घातलं. आणि मी सांगितलं म्हणून आणखी एकदा.

बाईंनी घोट घेतला आणि तडक बेसिनमध्ये थुंकून टाकला. "अगं, अख्खा समुद्र ओतलास की काय!" सगळा वर्ग हसला. माझ्या सुपाचे त्यांनी दोन घोट घेतले.

जिन्यात तिनं माझा हात घट्ट धरला. "परवा तुला कणकण होती ना? तुझीही चव गेलीये बघ. तुझं आज नशिबानं जमलं."

"गेली असेल," मी म्हणाले.

"घाबरू नकोस," डोळे पुसत ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."