पोकुआचं सूप

घानातल्या कुमासीच्या बाजारात टोमॅटो विकणारी कोनादूआजी आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात धापा टाकत आली. वीस वर्षांपूर्वी ती कांदे विकणाऱ्या पोकुआच्या सुपाबद्दल एका संशोधकाजवळ नको ते बोलली होती. आता पोकुआची नात हिची नातसून होणार होती, आणि ती नात समाजशास्त्र शिकत होती. "त्याने लिहिलेलं तिला सापडेल का रे?" "लेखकाचं नाव?" "गोरा होता." "शीर्षक?" "बाजारातल्या भांडणांबद्दल विचारायचा, एवढंच आठवतं." संगणकावर विषयाच्या रकान्यात मी 'भांडण' टाकले; काही निघेना. शास्त्रात भांडणाला 'संघर्ष' म्हणतात. तो टाकताच लेख हजर. "घाबरू नका आजी, नावं बदललेली असतात." होतीही, संशोधकाने दोघींच्या नावांची अदलाबदल केली होती. मी वाचले: "पोकुआ म्हणते, कोनादूचं सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी." आजी ताडकन उठली. "असं म्हणाली होय? छाप तो कागद. लग्नातच विचारते तिला!"