तव्याचं गोत्र

“सगोत्र निघालं,” अच्युतराव म्हणाले आणि चष्मा पुसून त्यांनी अहवाल पुन्हा वाचला. रक्तातलं लोखंड कुठल्या ताऱ्यात घडलं हे यंत्र सांगू लागल्यापासून लग्नाआधी लोक तारागोत्र बघत. त्यांच्या मुलीचा, मैथिलीचा, आणि तिने पसंत केलेल्या, समोरच बसलेल्या शार्दूलचा तारा एकच होता, विश्वात लोखंड जवळजवळ नव्हतंच तेव्हाचा.

“पण हा नागपूरचा, आपण चिपळूणचे. असं कसं?”

गोंधळून त्यांनी स्वतःचा आणि बायकोचा गेल्या वर्षीच्या तपासणीचा, कधी न वाचलेला अहवाल काढला. तिथेही तोच तारा!

“म्हणजे आपणसुद्धा बहीणभाऊ?”

“काहीतरीच काय!” सुमतीबाई म्हणाल्या. “तीस वर्षं एकाच लोखंडी तव्यावरच्या भाकऱ्या खाल्ल्या आपण. त्यातलंच रक्तात उतरलं.”

“मग या मुलाने कधी खाल्ल्या?”

सुमतीबाई लेकीकडे बघतच राहिल्या. तो तवा त्यांनीच दोन वर्षांपूर्वी तिला पुण्याच्या खोलीवर दिला होता. मैथिलीने मान खाली घातली.

रागवावं की काय करावं, अच्युतरावांना कळेना. चष्मा पुन्हा पुसून त्यांनी एवढंच विचारलं, “भाकऱ्या थापतं कोण?”

“मी,” शार्दूल म्हणाला.