टाकीपर्यंत

मेकॅनिकने कार्बुरेटरला हात लावला नाही. आधी बाकीचं बघायचं, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं.

कार्बुरेटर त्यानेच दुरुस्त केला होता. पन्नास वर्षं जुनी, दोन आसनांची, बसक्या नाकाची स्पोर्ट्‌स कार. पेट्रोल आत सोडणारी कार्बुरेटरची बारीक सुई त्याने बदलली, आणि बाराव्या दिवशी गाडी घाटातल्या वळणावर बंद पडली. मालक उतरले, बॉनेट उघडून वाकले. वळण कापत ट्रक आला. मालक गेले, गाडीचा फक्त एक आरसा गेला.

याला तीन महिने झाले. काल मालकांच्या मुलीचा फोन आला. "काका, ती बंद का पडली तेवढं मला शोधून द्या."

"आ बैल मुझे मार," बायको म्हणाली. "तुमचीच सुई निघाली तर? दारात गिऱ्हाईक उभं राहणार नाही."

"निघाली तर निघाली," तो म्हणाला खरा. पण तीन महिने त्याच्या घशाखाली घास नीट उतरलेला नव्हता.

इंजिन

एका सेल्फमध्ये सुरू झालं.

"पोलिसांकडेही अशीच झाली," मुलगी म्हणाली. ती गॅरेजच्या पायरीवर बसली होती. "गाडीत दोष नाही, असं लिहून दिलं त्यांनी."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मी लॅबमध्ये रक्त तपासते, काका. आमचं म्हणणं काही नसतं. नमुना म्हणेल ते."

"बापावर गेलीस. चहा गोड झालाय का विचारलं, की ते म्हणायचे, कितव्या घोटाला?"

ती हसली. मग हसू आवरायला तिला थोडा वेळ लागला.

त्याने टाकी काठोकाठ भरली, गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडली आणि इंजिन चढ चढताना लागेल तेवढ्या जोरात चालत ठेवलं. अडतिसाव्या मिनिटाला ते खोकलं. दोनदा फुरफुरलं. मग मेलं.

"असंच झालं असेल," मुलगी हळूच म्हणाली.

कार्बुरेटर

आता सुटका नव्हती. त्याने झाकण उचललं. आतली वाटी कोरडी ठणठणीत. म्हणजे दोनच शक्यता. मागून पेट्रोलच येत नाही, किंवा सुई अडकून दार लावून बसली आहे.

त्याने सुई बोटाने वर केली. पडली. वर केली. पडली. वीस वेळा केली, वीस वेळा पडली.

तो बंपरवर टेकला.

"काय झालं, काका?"

"काही नाही. गुडघे. मागे जाऊन बघू."

पंप

पंपाची नळी त्याने टाकीपासून सोडवली, पेट्रोल सांडू नये म्हणून टाकीच्या तोंडाला लगेच बूच लावलं आणि नळी पेट्रोलच्या डब्यात बुडवली. पंपाने सणसणीत धार मारली. दोष पंपात नव्हता. त्याच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. पोलिसांनी उघडला असेल, असं त्याने धरलं.

नळी

साफ.

टाकी

टाकीचं झाकण नवं होतं. जड, आरशासारखं चकचकीत. त्याने ते फिरवलं आणि टाकीने हवा आत ओढली. सुस्कारा असतो तशी, पण उलटी.

त्याने नळी जोडली, वाटी भरू दिली, सेल्फ मारला. गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली.

मुलीकडे पाठ करून त्याने झाकणाला ओठ लावून फुंकर मारली. हवा पार जाईना. जुन्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. पेट्रोल जाईल तेवढी हवा त्यातून आत येते. याला भोकच नव्हतं. टाकीत पोकळी तयार व्हायची आणि तीच पेट्रोल मागे खेचून धरायची. तासभर गाडी उभी राहिली, की कुठून कुठून हवा झिरपायची. मग गाडी पुन्हा साळसूद.

सुई नव्हे. आपण नव्हे. त्याला बायकोला तिथल्या तिथे फोन करावासा वाटला.

"हे झाकण कुठून आणलं?" त्याने विचारलं.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. "मीच आणलं. बाबांना सत्तरीची भेट. जुनं गंजलं होतं. घाटात गेले त्याच्या आदल्या दिवशी मीच बसवून दिलं."

गाडी चालूच होती. मेकॅनिकने हात आत घालून किल्ली फिरवली. मग झाकण फडक्याने पुसलं, बराच वेळ पुसलं.

"छान आहे," तो म्हणाला.

पुन्हा कार्बुरेटर

तो पुढे आला. सुई काढली, उजेडात धरली, डोळे बारीक केले. बायकोचं बोलणं त्याला आठवलं. आठवलं आणि गेलं.

"सापडलं. ही सुई. गरम झाली की अडकते."

"नक्की?"

"नक्की. मी बसवलेली आहे. चूक माझी, पोरी. पोलिसांना हवं तर लिहून देतो."

मुलगी उठली. तिने सुई तळहातावर घेतली. ती ओरडेल, निदान रडेल, या तयारीने तो खाली मान घालून उभा राहिला. तिने सुई परत त्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"तुम्ही तिसरे, काका. पहिल्या मेकॅनिकने पंप सांगितला, दुसऱ्याने नळी. दोघांनीही आधी विचारलं, झाकण कुठून आणलं. आणि मग दोघंही म्हणाले, छान आहे."