तडा तिथे फूल

माझा नवरा लाओ शेन म्हणजे चीनमधल्या सुझौ शहरातला नावाजलेला कारागीर. त्याच्या हातून जेडच्या दगडावर कमळं उमलतात, कोबीच्या पानावर नाकतोडे बसतात. मला मात्र लग्नात त्याने नुसती गुळगुळीत चकती दिली, वर साधं पानसुद्धा नाही. तीस वर्षं मी त्यावरून त्याला टोमणे मारले.

परवा शेवटी तो म्हणाला, “अगं वेडे, दगडाला तडा असतो तिथे आम्ही फूल कोरतो. काळा डाग असला की त्याचा नाकतोडा करतो. तुझा दगड अगदी निखळ होता. त्याला हत्यार लावायला माझा हातच धजावला नाही.”

मी विरघळलेच. तेव्हापासून ती चकती गळ्यातून काढलेली नाही.

आज जेवताना स्वारी भलतीच खुशीत. “काय मासा केलायस! या निळ्या जाकिटात तर तू पंचविशीतली दिसतेस. आणि तुझ्या आईसारखी बाई शोधून सापडायची नाही, बरं का!”

मी हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.



“लाओ शेन, फुलं पुष्कळ कोरलीस. आता तडा कुठे गेलाय, तेवढं सांग.”