पानाचा दगड

समजा, तुमच्या दोन्ही तळहातांवर एकेक दगड ठेवलाय. एक साधा, दुसरा जीवाश्म. म्हणजे फार जुन्या काळच्या जिवाचा झालेला दगड. खरा कोणता, तेवढं सांगायचं. बरोबर सांगाल तर बाहेर उभ्या जीपमध्ये जागा.

घाटंजीजवळच्या त्या शाळेत सहावीचा वर्ग असाच रांगेत उभा होता. नागपूरहून आलेल्या एक बाई नाल्याकाठी जीवाश्म शोधायला निघाल्या होत्या. जीपमध्ये एकाच मुलाला जागा होती. ती कोणाला, हे निवृत्त झालेले डोमाजी गुरुजी ठरवणार होते.

"हे तं सोपं हाये," ऋतिक म्हणाला. "हा पानवाला."

त्या गुळगुळीत दगडावर काळं, रेखीव नेच्याचं पान होतं. दुसरा दगड मातकट, ओबडधोबड. ऋतिकच्या मागच्या सगळ्यांनीही पानवालाच उचलला.

शेवटी रंजिता अर्पिताच्या खांद्यावर हात ठेवून पुढे आली. मागच्या दोन्ही सहलींना ती घरीच राहिली होती. "तुझं तिथं काय काम?" असं प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालं होतं. आज तिने पाण्याची बाटलीसुद्धा भरून आणली होती.

तिने पहिल्या दगडावर अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावर, बराच वेळ.

"गुरुजी, पान कुठी हाये?"

वर्ग हसला.

"हिले पानच दिसून नाही राह्यलं," ऋतिक म्हणाला.

"तुझं झालं ना सांगून? मग आता तिले सांगू दे," गुरुजी म्हणाले. "बोल बेटा."

"याच्यावर काहीच नाही. त्याच्यावर वळसा हाये. बाहेरून रुंद, आत बारीक होत जाते. गोगलगाईवाणी."

गुरुजींनी मातकट दगड बादलीत बुडवून वर धरला. ओल्या दगडावर इवलासा शंख स्पष्ट झाला.

"गोगलगायच हाये. अन् ते पान म्हणजे नुसता डाग. खडकाच्या चिरेत पाणी झिरपलं, त्यातलं काळं खनिज फांद्या फांद्यानं पसरलं अन् वाळलं. तिथं पान कधी नव्हतंच."

"पण गुरुजी, हुबेहूब दिसते," ऋतिक पुटपुटला.

"दिसते ना. म्हणूनच तुम्ही सारे फसले."

बाहेर जीप सुरू झाली. अर्पिताने खांदा पुढे केला.

"आज नको," रंजिता म्हणाली. तिने दप्तरातून घडीची पांढरी काठी काढली, उलगडली आणि टकटक करत जीपच्या आवाजाकडे निघाली.